मोटारीच्या नाकावरचा तापमापक

एप्रिल महिन्यातील दुपारचे तीन वाजले आहेत अशी कल्पना करा. रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या आवारात, भर उन्हात एक मोटार दोन तासांपासून उभी आहे. मालक येतो, किल्ली फिरवतो आणि समोरच्या पट्टीवर आकडा उमटतो: ४३ अंश सेल्सियस. तो चटकन त्याचे छायाचित्र काढून चार मित्रांना पाठवतो. संध्याकाळपर्यंत 'रत्नागिरीत पारा ४३ वर' अशी बातमी गावभर होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र रत्नागिरीचे कमाल तापमान ३४ अंश असे छापून येते.

नऊ अंशांचा फरक! मग 'वेधशाळावाले आकडे दडपतात' इथपर्यंत चर्चा जाते. तुम्हाला काय वाटते? मोटारीचा तापमापक बिघडला असेल? मुळीच नाही. तो धडधाकट आहे आणि आपले काम चोख करतो आहे. फक्त तो ज्याचे तापमान सांगतो ती वस्तू निराळी आहे. कोणती, ते आपण पाहणार आहोत.

हा वाद केवळ गप्पांपुरता आहे असे मात्र समजू नका. किनाऱ्यावरच्या ठिकाणी कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक झाले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असले, तर भारतीय हवामानशास्त्र विभाग तेथे उष्णतेची लाट आहे असे मानतो. देशावरच्या सपाट प्रदेशासाठी हीच मर्यादा ४० अंशांची आहे. कोकणातल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तेथे कमी तापमानही शरीराला जड जाते. लाट जाहीर झाली की शाळांच्या वेळा, मजुरांची कामे, दवाखान्यांची तयारी या सगळ्यांचा विचार करावा लागतो. दुसरी गोष्ट हापूसची. महाराष्ट्रात फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा योजना आहे. आंबा मोहरावर किंवा फळावर असताना सलग काही दिवस तापमान ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेले, तर बागायतदाराला भरपाई मिळते. ही मर्यादा ओलांडली की नाही हे ठरते महसूल मंडळांतल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदींवरून. म्हणजे एका अंशाच्या चुकीने कोणाला तरी पैसे मिळतात किंवा कोणाचे तरी बुडतात. तेव्हा हवेचे तापमान मोजणे म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेतलेले बरे. आणि ते समजून घ्यायला मोटारीच्या नाकावरच्या त्या चिमुकल्या उपकरणाइतका चांगला शिक्षक नाही.

मण्याएवढे यंत्र

हे उपकरण बहुतेक मोटारींत पुढच्या बंपरच्या मागे, जाळीच्या आतल्या बाजूला बसवलेले असते. त्याच्या मागे वातानुकूलन यंत्राची जाळी, तिच्या मागे रेडिएटर आणि त्याच्याही मागे इंजिन. काही गाड्यांत ते बाजूच्या आरशाच्या पोटात असते. कारागीर त्याला 'सेन्सर' म्हणतात. पुस्तकी शब्द 'संवेदक'. बाहेरून पाहिले तर प्लॅस्टिकची करंगळीएवढी कुपी आणि तिला दोन तारा, एवढेच दिसते. कुपीच्या आत मोहरीच्या किंवा फार तर मुगाच्या दाण्याएवढा एक मणी असतो. सारी करामत त्या मण्याची. त्याचे नाव थर्मिस्टर.

तुम्ही शाळेत शिकला आहात की धातूची तार तापली की तिचा विद्युत् रोध वाढतो. थर्मिस्टरचे उलटे आहे. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, आणि तोही झपाट्याने. हा मणी मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांची पूड दाबून व भट्टीत भाजून तयार करतात. मातीचे भांडे भाजावे तसाच प्रकार. ही ऑक्साइडे अर्धसंवाहक आहेत. तांब्याच्या तारेत मोकळे इलेक्ट्रॉन मुळातच विपुल असतात. तार तापवल्याने ते वाढत नाहीत, फक्त तारेतील अणूंची थरथर वाढून त्यांच्या वाटेत अडथळे येतात. अर्धसंवाहकात गोष्ट वेगळी. तेथे वीज वाहून नेणारे कण मुळात थोडे आणि जखडलेले. उष्णता मिळाली की अधिकाधिक कणांना सुटून पुढे सरकण्यापुरती ऊर्जा मिळते व रोध घटत जातो. रोध असा तापमानाबरोबर घटतो हे मायकेल फॅरडेला १८३३ सालीच चांदीच्या सल्फाइडवर प्रयोग करताना दिसले होते. त्याचा असा घरगुती उपयोग व्हायला मात्र शंभर वर्षांच्या वर काळ जावा लागला.

आता थोडे आकडे पाहू. २५ अंशांना ज्याचा रोध १० किलोओहम भरतो असा थर्मिस्टर सर्रास वापरला जातो. त्याच्या एका नेहमीच्या जातीचा रोध ० अंशांना सुमारे ३३.६ किलोओहम, ३० अंशांना ८, ३५ अंशांना ६.५, ४० अंशांना ५.३ आणि ५० अंशांना ३.६ किलोओहम असतो. ३५ अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले, तर रोध सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो. प्लॅटिनमच्या तारेत हाच बदल अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. थर्मिस्टर स्वस्त, शिवाय दहापट संवेदनशील. मोटारवाल्यांनी त्याला पसंत केले यात नवल नाही.

रोधाचा आकडा मोटारीतल्या छोट्या संगणकाला कसा कळतो? त्यासाठी एक साधी युक्ती आहे. १० किलोओहमचा एक ठरावीक रोध आणि हा थर्मिस्टर एकापुढे एक जोडायचे व दोघांवर मिळून ५ व्होल्ट लावायचे. मग ओहमच्या नियमाप्रमाणे हे ५ व्होल्ट दोघांत त्यांच्या रोधांच्या प्रमाणात वाटले जातात. २५ अंशांना दोघेही सारखे, म्हणून थर्मिस्टरच्या वाट्याला अडीच व्होल्ट येतात. ३५ अंशांना त्याचा वाटा ५ गुणिले ६.५ भागिले १६.५, म्हणजे सुमारे १.९७ व्होल्ट. ४० अंशांना १.७३ व्होल्ट. वहीत गणित करून पाहा. संगणक हे व्होल्ट मोजतो आणि आपल्याजवळच्या कोष्टकात पाहून त्याचे अंश करतो.

हा संगणक ५ व्होल्टांचे १०२४ भाग करून मोजतो असे धरू. तशी पद्धत सर्रास आहे. म्हणजे एक भाग सुमारे ५ मिलिव्होल्टांचा. ३५ अंशांच्या जवळ एका अंशाला सुमारे ५० मिलिव्होल्ट बदलतात, म्हणजे दहा भाग. तेव्हा अंशाचा दहावा भागसुद्धा या यंत्राला ओळखता येतो! येथे अनेकांची फसगत होते. पट्टीवर ३४.५ असा दशांशासह आकडा दिसला की तो अर्ध्या अंशापर्यंत अचूक असेलच असे आपण धरून चालतो. पण बारकाईने मोजता येणे वेगळे आणि बरोबर मोजणे वेगळे. ज्याचा शून्यच सरकलेला आहे अशा तराजूवर तुम्ही गुंजभर सोनेही मोजू शकाल, फक्त ते दर वेळी तेवढेच चुकेल. थर्मिस्टर, त्याचा जोडीदार रोध आणि संगणक या तिघांच्या मिळून होणाऱ्या चुका साधारणपणे अंशभराच्या घरात असतात. मोटारीच्या कामाला तेवढे पुष्कळ झाले. मग मिरजोळ्याला नऊ अंश कोठून आले?

तापमापक फक्त स्वतःचे तापमान सांगतो

हे वाक्य शिक्षकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावे असे आहे. कोणताही तापमापक, पाऱ्याचा असो की थर्मिस्टरचा, दुसऱ्या कशाचे तापमान सांगत नाही. तो केवळ स्वतः किती तापला आहे हे सांगतो. तो ज्या वस्तूशी उष्णतेची देवघेव करतो, तिच्याइतका तो तापला असेल असे आपण गृहीत धरतो. तापाच्या वेळी आपण तापमापक जिभेखाली मिनिटभर धरतो तो याचसाठी.

हवेत टांगलेल्या तापमापकाची देवघेव मात्र एकट्या हवेशी नसते. सूर्याचे किरण त्याच्यावर पडतात. तापलेली जमीन, भिंत, पत्रा ही सगळी अदृश्य अवरक्त किरणे त्याच्याकडे पाठवीत असतात. ज्या पट्टीवर तो बसवला आहे तिच्यातून वहनाने उष्णता येते. आणि हवा? हवा ही उष्णतेची फार मंद वाहक. ती स्थिर असेल तर या सगळ्या गोंगाटात तिचा आवाज ऐकूच येत नाही.

मिरजोळ्याच्या त्या मोटारीचे असेच झाले. आवारातला डांबरी रस्ता एप्रिलच्या दुपारी सहज ५५-६० अंशांपर्यंत तापतो. जांभ्याचा उघडा कातळही चटके देतो. अनवाणी चाललेल्याला ते सांगायला नको. संवेदक जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर. जमिनीला लागून असलेला हवेचा थर मुळातच अधिक तापलेला, त्यात बंपरचा काळा प्लॅस्टिक उन्हात भाजलेला आणि वारा बंद. संवेदकाने ४३ दाखवले ते त्या बंपरच्या पोकळीचे तापमान होते, आणि ते खरेच ४३ होते. गाडी नुकतीच चालवून उभी केली असेल तर आणखी भर पडते. गाडी धावत असताना पुढून येणारा वारा इंजिनाची उष्णता मागे ढकलत असतो. गाडी थांबली की तो वारा थांबतो आणि इंजिन व रेडिएटर यांची उष्णता जाळीतून पुढे, नाकाकडे, पसरत येते.

वेधशाळेत हा घोळ टाळण्यासाठी काय करतात ते पाहा. तेथे तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेले असतात. पेटीच्या चारी बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असतात. त्यांतून वारा जातो, पण ऊन आत येत नाही. पेटी चार पायांवर उभी असते आणि तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर येतात. खाली शक्यतो हिरवळ, जवळपास भिंत नाही, डांबर नाही. पेटीचा दरवाजा भारतात उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे तो उघडला तरी ऊन आत येण्याची भीती कमी. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडमधील अभियंत्याने ही रचना १८६४ च्या सुमारास सुचवली, म्हणून तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. गृहस्थांचा मूळ व्यवसाय दीपगृहे बांधण्याचा. (त्यांचा मुलगा रॉबर्ट लुई पुढे साहसकथांचा लेखक म्हणून वडिलांपेक्षा अधिक प्रसिद्ध झाला.) नव्या स्वयंचलित केंद्रांत पेटीऐवजी पालथ्या पांढऱ्या बशा एकावर एक रचल्यासारखे आवरण असते; काम तेच. वर्तमानपत्रात छापून येणारे ३४ अंश हे अशा सावलीतल्या, वारा खेळणाऱ्या जागेतले असतात. जगभर सगळीकडे तसेच मोजतात, म्हणून रत्नागिरीची तुलना लंडनशी करता येते आणि आजच्या दिवसाची पन्नास वर्षांपूर्वीच्या दिवसाशीही.

तुम्ही म्हणाल, पण आपण तर उन्हातच चालतो! आपल्याला ४३ अंशच सोसावे लागतात ना? प्रश्न रास्त आहे. उन्हात शरीराला हवेच्या तापमानाहून पुष्कळ अधिक ताप होतो यात शंका नाही. पण उन्हातल्या तापमापकाने तो ताप मोजता येत नाही, कारण काळा तापमापक एक आकडा दाखवील, पांढरा दुसरा, मोठा तिसरा. सावलीतले तापमान तेवढे सगळ्या चांगल्या तापमापकांना सारखे दिसते.

गाडी निघाली की

आता तीच मोटार मिरजोळ्याहून निघून हातखंब्याच्या दिशेने महामार्गाला लागू द्या. काही मिनिटांत आकडा उतरू लागेल. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. एवढा वारा संवेदकावरून सतत वाहत राहिला की हवेशी होणारी देवघेव इतर सगळ्यांवर मात करते. समजा संवेदक ४५ अंशांना आहे, बाहेरची हवा ३३ अंशांना, आणि वाऱ्यात हा फरक दर मिनिटाला निम्मा होतो. मग १२ चा फरक एका मिनिटात ६, दोन मिनिटांत ३, तीन मिनिटांत दीड, चार मिनिटांत पाऊण अंश. हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत तो केव्हाच खऱ्या आकड्याच्या जवळ आलेला असेल.

गंमत अशी की हवामानशास्त्रज्ञांनाही ही युक्ती जुन्या काळापासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिचर्ड आसमान या जर्मन शास्त्रज्ञाने चकचकीत नळीत तापमापक बसवून त्यावरून लहान पंख्याने हवा ओढून घेणारे उपकरण केले. अचूक मोजमापासाठी त्याच तत्त्वाची उपकरणे अजून वापरतात. धावणारी मोटार म्हणजे एक प्रकारे स्वतःच तो पंखा होय. १९२७ साली व्हिएन्ना शहरात विल्हेल्म श्मिट यांनी मोटारीला तापमापक लावून रात्री शहरभर फेऱ्या मारल्या आणि शहराचा मध्यभाग आसपासच्या मोकळ्या भागापेक्षा किती उबदार असतो याचा नकाशाच काढला. आजही मोटारींच्या संवेदकांच्या नोंदी एकत्र करून रस्त्यावरच्या हवेचा अंदाज बांधता येईल का, याचे प्रयोग परदेशातील हवामान संस्था करीत असतात. एका गाडीवर विसंबता येत नाही; पण शंभर धावत्या गाड्यांची सरासरी पुष्कळ काही सांगते.

वेगाने वारा येतो तेव्हा हवा संवेदकावर आदळून थोडी दाबली जाते व तापते, ही शंका एखाद्या हुशार विद्यार्थ्याला येईल. ती बरोबर आहे. पण ताशी १०० किलोमीटर वेगाला ही वाढ अर्ध्या अंशाहूनही कमी भरते. विमानाचे मात्र तसे नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाच्या संवेदकाला हवा तिच्या खऱ्या तापमानापेक्षा सुमारे ३० अंश गरम लागते आणि तेवढे वजा करावे लागतात.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. संवेदकावर पाण्याचे शिंतोडे उडाले आणि वाऱ्याने ते वाळू लागले, की बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता ते संवेदकाकडूनच घेतात; माठातले पाणी गार होते तसे. आकडा खऱ्यापेक्षा खाली उतरतो. ऐन आषाढात कोकणची हवा बाष्पाने भरलेली, त्यामुळे हा फरक नगण्य राहतो. कोरड्या हवेत, उदाहरणार्थ मे महिन्यात सोलापूरकडे, गाडी धुऊन लगेच निघालात तर तो चांगला जाणवेल.

आकड्यामागची हुशारी

मोटार बनवणाऱ्यांना हे सगळे माहीत असते. संवेदकाचे मूळ काम काही गप्पांना विषय पुरवण्याचे नाही. वातानुकूलन यंत्राने आत किती गारवा द्यायचा, त्याचा दाबपंप थंडीत चालू द्यायचा की नाही, थंड देशांत रस्त्यावर बर्फ धरण्याची सूचना केव्हा द्यायची, हे त्यावरून ठरते. आकडा दर वेळी सिग्नलपाशी थांबल्यावर चढू लागला तर गाडीतले यंत्र उगाच गोंधळेल. म्हणून संगणकाला एक हुशारी शिकवलेली असते. अनेक गाड्यांत वेग कमी असेल तर आकडा वर सरकूच देत नाहीत. शेवटचा विश्वासार्ह आकडा तसाच धरून ठेवतात. आकडा खाली येत असेल तर मात्र तो लगेच मान्य करतात. असे का, ते ओळखा पाहू. गाडीच्या नाकाला खोटा ताप आणणारी कारणे अनेक आहेत. खोटा गारवा आणणारी फारशी नाहीत. तेव्हा उतरता आकडा बहुधा खरा असतो.

गाडी थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केली तर? संगणक इंजिनातल्या पाण्याचे तापमान पाहतो. ते अजून गरम असेल तर नाकही भाजलेले असणार, असे अनुमान करून तो आधीचाच आकडा दाखवतो. इंजिन पूर्ण निवले असेल तर नवा आकडा घेतो. मिरजोळ्याची मोटार दोन तास उभी होती. इंजिन बरेच निवले, पण ऊन कायम. उन्हाची माहिती या हुशारीत सगळ्याच गाड्यांत धरलेली नसते, म्हणून ४३ पट्टीवर आले. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा: पट्टीवरचा आकडा हे निव्वळ मोजमाप नसते, मोजमाप आणि अनुमान यांचे ते मिश्रण असते.

बर्फाच्या सूचनेचे एक नवल सांगितलेच पाहिजे. पाणी ० अंशांना गोठते, पण गाड्या ही सूचना ३ किंवा ४ अंशांनाच देतात. संवेदकाची चूक धरून ठेवलेली ती सावधगिरी आहे, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. निरभ्र रात्री जमीन, पूल, पत्रा हे आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतात आणि हवेपेक्षा अधिक थंड होतात. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात एखाद्या पहाटे पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठलेले दिसते. वेधशाळेतला तापमापक त्या पहाटे शून्याच्या बराच वर असतो. तेथेही दोघे खरेच बोलत असतात. एक हवेबद्दल आणि दुसरा टपाबद्दल.

वेधशाळेचेही संवेदक चुकतात

मोटारीला हसण्याआधी २०२४ सालचा मे महिना आठवा. ३० मे रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. हा आकडा खरा असता तर तो भारतातला आजवरचा उच्चांक ठरला असता. मान्य झालेला उच्चांक राजस्थानातील फलोदीचा, १९ मे २०१६ रोजीचा, ५१ अंशांचा आहे. पण नागपूरच्या परिसरातील इतर केंद्रे त्याच दिवशी ४४ अंशांच्या आसपास होती. एकाच शहरात थोड्या अंतरावर बारा अंशांचा फरक हवेत टिकू शकत नाही. वारा तो मिसळून टाकतो. हवामान विभागाच्या नागपूर केंद्राने तो आकडा खरा नसल्याचे स्पष्ट केले. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूर येथील केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. तेथे तज्ज्ञांनी प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तुलना केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे ३ अंश जास्त दाखवतो असे आढळले.

या दोन घटनांत शिकण्यासारखे आहे ते हे: चूक पकडली गेली ती शेजाऱ्यांमुळे. एकटा तापमापक आपण खोटे बोलतो आहोत हे स्वतः कधीच सांगू शकत नाही. म्हणून आंब्याच्या विम्यासाठी बसवलेल्या केंद्रांबाबत बागायतदारांनी 'केंद्र कोठे बसवले आहे, त्याच्याखाली काय आहे, त्याची तपासणी शेवटची केव्हा झाली' हे विचारणे अगदी योग्य आहे. कोणाला ते खुसपट काढणे वाटेल. माझ्या मते तो शुद्ध विज्ञानाचा प्रश्न आहे.

खारा वारा आणि उणे चाळीस

समुद्रकाठच्या गाड्यांत या संवेदकाला एक खास आजार जडतो. खाऱ्या दमट वाऱ्याने तारांच्या जोडावर गंज धरतो. गंज म्हणजे वाढीव रोध. समजा त्याने अर्धा किलोओहम रोध वाढवला. ३५ अंशांना साडेसहा किलोओहमऐवजी संगणकाला सात किलोओहम दिसतील, आणि तो बिचारा हवा ३३ अंश आहे असे समजेल. उलट जोडात पाणी शिरून दोन तारांमध्ये थोडी वीज झिरपू लागली तर एकूण रोध कमी होतो आणि आकडा चढतो. तार तुटलीच तर रोध अनंत. ५ व्होल्टच्या ५ व्होल्ट थर्मिस्टरच्या वाट्याला येतात आणि कोष्टकातल्या अगदी तळाच्या आकड्यावर बोट पडते. तो पुष्कळ गाड्यांत उणे ४० असतो. भर वैशाखात एखाद्या मोटारीने बाहेर उणे ४० अंश असल्याचे सांगितले तर घाबरू नका, तार तपासा. (उणे ४० हा आकडा सेल्सियस आणि फॅरनहाइट या दोन्ही मापांत एकच येतो, पडताळून पाहा.)

करून पाहा

विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात १० किलोओहमचा थर्मिस्टर थोड्या पैशांत मिळतो. शाळेत मल्टिमीटर असेलच. शिक्षकांच्या देखरेखीखाली थर्मिस्टर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, म्हणजे पाणी लागणार नाही, आणि बारीक कुटलेल्या, किंचित पाझरणाऱ्या बर्फात पाच मिनिटे खुपसून ठेवा. मल्टिमीटरवर ३३ किलोओहमच्या जवळपास आकडा आला, तर तुमचा थर्मिस्टर वर दिलेल्या जातीचा आहे. निराळा आला तर दुकानदाराकडून त्याचे कोष्टक मागून घ्या. मग तो काखेत धरा. थोड्या वेळाने सुमारे सव्वासहा किलोओहम दिसले पाहिजेत. अशा रीतीने दोन माहीत असलेल्या तापमानांवर तपासल्याशिवाय कोणत्याही तापमापकावर विश्वास ठेवू नये.

आता दुपारी तीन वाजता तोच थर्मिस्टर घेऊन बाहेर पडा. पहिली नोंद डांबरी रस्त्याच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, उन्हात. दुसरी छातीच्या उंचीवर, उन्हात. तिसरी आंब्याच्या दाट सावलीत, कशालाही न टेकवता. चौथी तेथेच, पण पुठ्ठ्याने मिनिटभर जोरात वारा घालीत. चारही रोध लिहा, अंशांत बदला आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या रत्नागिरीच्या किंवा तुमच्या गावाजवळच्या वेधशाळेच्या कमाल तापमानाशी ताडून पाहा. चौथी नोंद त्याच्या सर्वांत जवळ यावी. कोकणात राहत असाल तर नोंद घेताना वारा कोठून येत होता तेही लिहून ठेवा. समुद्राचा वारा, ज्याला आपण खारा वारा म्हणतो, तो दुपारी वेळेवर सुटला तर तापमान पुढे चढत नाही. पूर्वेचा कोरडा वारा जोर धरून त्याला अडवून धरतो तेव्हाच मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावर पारा ३७-३८ अंशांपर्यंत जातो.

घरात मोटार असेल तर वडीलधाऱ्यांना सांगून तिचाही आकडा घ्या: उन्हात उभी असताना, सावलीत उभी असताना, आणि मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे सलग धावल्यानंतर. साखरप्याहून आंबा घाट चढण्याचा योग आला, तर पायथ्याचा आणि माथ्याचा आकडा विसरू नका. चढण सुमारे अर्ध्या किलोमीटरची आहे. कोरडी हवा वर चढताना किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी निवते, दमट हवा त्याहून कमी. तुमच्या गाडीने किती उतार दाखवला, आणि घाटात पुढे एखादी मालमोटार कण्हत चालली असल्याने तुम्हीही रेंगाळला असाल तर आकडा किती वेळ अडून बसला, ते वेळेसह टिपून ठेवा.